भारत-चीन चुरस: बहुराष्ट्रीय संघटना आणि शेजारी देशांना तिचा फटका नेमका कुठे बसतो?

पाऊलवाट

वाचनालयाच्या अभ्यासवर्गासाठी भारत-चीन स्पर्धेवर टिपण तयार करायचं आहे. वाचायला घेतलं की सगळीकडे एकच सूर: नेपाळ चीनकडे झुकला, मालदीव भारताकडे परतला, श्रीलंका कर्जाच्या सापळ्यात सापडली. कोणत्या परिषदेत कोण कोणाशेजारी उभं राहिलं याचीही वर्णनं भरपूर. यातून हाती काही लागत नाही. दोन मोठ्या देशांचं बिनसलं की प्रत्यक्षात कोणतं काम थांबतं, कोणत्या कागदावर थांबतं आणि त्याचे पैसे कोण मोजतं, हे मला हवं आहे.

जाणकारांना तीन प्रश्न:

१. शांघाय सहकार्य संघटना, ब्रिक्स, सार्क, आशियाई विकास बँक या सगळीकडे परिणाम सारखाच होतो का?

२. नेपाळ-श्रीलंकेसारख्या देशाच्या एखाद्या प्रकल्पावर हा परिणाम टप्प्याटप्प्याने कसा होतो? एक-दोन उदाहरणं तपशिलात मिळाली तर फार बरं.

३. ‘छोटे देश दोघांना खेळवून फायदा उकळतात’ हे विधान कितपत खरं?

---

तळटीप

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. संघटनेचं नाव बाजूला ठेवा आणि तिथे निर्णय कसा होतो ते आधी बघा. एकाच्या नकाराने काम अडत असेल तर तिथे वैर लगेच दिसतं. मतं भांडवलाच्या प्रमाणात असतील तर तेच वैर बरंचसं दबून राहतं.

एकमताच्या जागा घ्या. अणुसाहित्याच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या अणुपुरवठादार गटात ४८ देश आहेत आणि निर्णय सर्वानुमते होतो. जून २०१६ च्या सोल बैठकीत भारताच्या प्रवेशाला चीनने विरोध केला, विषय तिथेच अडला आणि अजून अडलेलाच आहे. दहशतवाद्यांवर निर्बंध लादणारी सुरक्षा परिषदेची १२६७ समिती हे दुसरं उदाहरण. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझहरचं नाव यादीत घालण्याचा प्रस्ताव चीनने वारंवार ‘तांत्रिक स्थगिती’ लावून रोखला. नाव चढलं ते १ मे २०१९ ला. इथे एक बारकावा टिपणात जरूर घ्या. ही स्थगिती म्हणजे नकाराधिकार नव्हे. समितीतल्या पंधरापैकी कोणताही सदस्य ती लावू शकतो, आणि समितीचं काम बंद दाराआड चालतं. त्यामुळे अडवणाऱ्याला जाहीर किंमत फारशी मोजावी लागत नाही.

शांघाय संघटनेतही एकमतच लागतं, पण तिथे एक पळवाट रुळली आहे. भारत जून २०१७ मध्ये पूर्ण सदस्य झाला. २०१८ च्या चिंगदाओ घोषणापत्रापासून ‘बेल्ट अँड रोड’ या चीनच्या पायाभूत प्रकल्पांच्या योजनेवरचा परिच्छेद बघा: ‘सदस्य देश पाठिंबा देतात’ असं न लिहिता पाठिंबा देणाऱ्या देशांची नावं एकेक करून लिहिलेली असतात आणि त्यात भारत नसतो. या योजनेतली चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिका भारत ज्यावर हक्क सांगतो त्या गिलगिट-बाल्टिस्तानातून जाते, हा भारताचा मूळ आक्षेप. घोषणापत्र वाचताना अशी नावांची यादी आली की समजावं, इथे मतभेद आहे.

जिथे ही पळवाट चालत नाही तिथे कागदच निघत नाही. जून २०२५ मध्ये याच संघटनेच्या संरक्षणमंत्र्यांच्या चिंगदाओ बैठकीत पहलगाम हल्ल्याचा उल्लेख नसलेल्या मसुद्यावर राजनाथ सिंह यांनी सही केली नाही आणि संयुक्त निवेदन निघालंच नाही. शिखर परिषदेच्या १ सप्टेंबर २०२५ च्या तिआनजिन घोषणापत्रात मात्र त्या हल्ल्याचा निषेध आला. म्हणजे शब्द बदलायला जेमतेम दोन महिने लागले. यामागे शब्दांपेक्षा ऑक्टोबर २०२४ चा सीमेवरच्या गस्तीबाबतचा भारत-चीन समझोता आणि त्यानंतर सुधारत गेलेले संबंध अधिक आहेत, असं माझं मत.

आता भांडवलाच्या प्रमाणात मतं असलेल्या बँका. २००९ मध्ये आशियाई विकास बँकेच्या भारतविषयक आराखड्याला चीनने हरकत घेतली, कारण त्यात अरुणाचल प्रदेशातल्या पूरनियंत्रणासाठी सुमारे ६ कोटी डॉलर होते. एका देशाच्या हरकतीने आराखडा पडला नाही, मंडळाने तो मंजूर केला. याहून बोलकं उदाहरण बीजिंगच्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेचं आहे. तिच्यात चीनची मतं पाव हिश्शाहून थोडी जास्त, त्यामुळे तीन-चतुर्थांश मतं लागणारा कोणताही निर्णय चीन एकट्याने रोखू शकतो. भारत दुसरा मोठा भागधारक आणि सर्वांत मोठा कर्जदारही. गलवानची चकमक १५ जून २०२० ची. १७ जूनला याच बँकेने भारताला कोविडसाठी ७५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. साध्या कर्जाला विशेष बहुमत लागत नाही आणि मोठा कर्जदार गमावणं बँकेला परवडत नाही. एवढ्या मोठ्या रक्तपातानंतरही व्यवहार चालू राहिला तो यामुळे.

सार्कबद्दल एक विनंती: त्याचं खापर चीनवर फोडू नका. तिथला पेच भारत-पाकिस्तानचा आहे. शेवटची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४, काठमांडू. उरी हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबाद परिषद बारगळली. मोटार वाहतूक कराराला पाकिस्तानने काठमांडूतच नकार दिला, म्हणून बांगलादेश-भूतान-भारत-नेपाळ असा चौघांचा करार जून २०१५ मध्ये थिंफूला झाला. पुढे भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने तोही अडवला. ट्रकांची गर्दी आणि धूर नको, हे त्यांचं कारण होतं, त्याचा ना चीनशी संबंध ना पाकिस्तानशी. सगळ्याच गोष्टी मोठ्यांच्या भांडणात बसवू नयेत, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

---

उच्चदाब

दुसऱ्या प्रश्नाला नेपाळची वीज हे सगळ्यांत चांगलं उदाहरण, कारण इथे भू-राजकारण मेगावॉटमध्ये मोजता येतं.

नेपाळ विद्युत प्राधिकरणाला भारतात वीज विकायची तर ‘आमच्याकडे इतकी वीज शिल्लक आहे, घ्या’ म्हणून चालत नाही. मंजुरी प्रकल्पागणिक घ्यावी लागते. भारताच्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणातला नियुक्त अधिकारी ती देतो, नियम फेब्रुवारी २०२१ च्या कार्यपद्धतीत आहेत. अर्जात प्रकल्पाची मालकी कोणाची हे सांगावं लागतं. कळीचं कलम असं: ज्या देशाची जमिनीवरची सीमा भारताला लागून आहे आणि ज्याच्याशी भारताचा वीज-सहकार्याचा करार नाही, अशा देशाची मालकी प्रकल्पात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष असेल तर ती वीज घेतली जात नाही. कलमात कोणाचं नाव नाही, पण रोख चीन आणि पाकिस्तानकडे आहे, आणि नेपाळच्या बाबतीत तो चीनकडेच.

खरी गोम पुढे आहे. मजकूर मालकीबद्दल बोलतो, व्यवहारात मात्र चिनी ठेकेदार असलेले प्रकल्पही अडकतात. अपर तामाकोशी बघा. ४५६ मेगावॉट, मालकी नेपाळी, पैसा नेपाळी. बांधकामाचा ठेका चीनच्या सायनोहायड्रोकडे होता. पाण्याचे दरवाजे आणि पोलादी जलवाहिन्यांचं काम भारताच्या टेक्समॅकोने केलं, टर्बाइन-जनित्रं ऑस्ट्रियाच्या आंद्रित्झची, पारेषण वाहिनी भारताच्याच केईसीची. चार ठेक्यांपैकी दोन भारतीय कंपन्यांकडे, तरी एका चिनी ठेक्यामुळे निर्यातीची मंजुरी वर्षानुवर्षं मिळाली नाही.

उलट नोव्हेंबर २०२१ मध्ये नेपाळने भारतीय वीज बाजारात पहिल्यांदा ३९ मेगावॉट विकले ते त्रिशूली २४ आणि देवीघाट १५ मधून. दोन्ही प्रकल्प भारताच्या मदतीने बांधलेले.

नेपाळने यावर व्यवहारी तोड काढली आहे. चिनी हात लागलेल्या प्रकल्पांची वीज देशात वापरायची आणि मंजुरी असलेल्या प्रकल्पांची निर्यात करायची. जाळ्यात वीज एकत्रच वाहते, वेगळेपण असतं ते हिशेबात. पण ही युक्ती पुरत नाही, आणि ती कुठे तोकडी पडते ते टिपणात हवंच. नेपाळचे बहुतेक प्रकल्प वाहत्या पाण्यावरचे, मोठा साठा नसलेले. पावसाळ्यात सगळे एकदम पूर्ण क्षमतेने चालतात आणि देशातली मागणी तेवढी नसते. मंजूर कोटा संपला की उरलेलं पाणी तसंच सोडून द्यायचं. हिवाळ्यात उत्पादन एक-तृतीयांशाच्या आसपास येतं आणि मग भारताकडूनच वीज घ्यावी लागते. म्हणजे विकायच्या हंगामात अट आड येते आणि घ्यायच्या हंगामात दुसरा पुरवठादार नसतो.

याचा परिणाम पुढच्या प्रकल्पांवर होतो तो आणखी महत्त्वाचा. चिनी ठेकेदाराची निविदा बहुधा स्वस्त असते. पण स्वस्त निविदा घेतली तर निर्यातीचं दार बंद होण्याची भीती, महाग घेतली तर युनिटमागे खर्च वाढतो. नेपाळी बँका कर्ज देताना आता हा हिशेब मांडतात. पश्चिम सेती जलविद्युत प्रकल्प चीनच्या थ्री गॉर्जेस कंपनीने २०१८ मध्ये सोडला, २०२२ मध्ये तो भारताच्या एनएचपीसी या सरकारी कंपनीकडे आला. अरुण-३, ९०० मेगावॉट, एसजेव्हीएन या दुसऱ्या भारतीय सरकारी कंपनीकडे. भारतीय विकासक म्हणजे बाजार नक्की, हे गणित यामागे आहे. त्यात भर जानेवारी २०२४ च्या कराराची: दहा वर्षांत १०,००० मेगावॉट भारत घेणार. आकडा मोठा आहे, पण प्रकल्पागणिक मंजुरीची अट त्याने रद्द होत नाही.

बांगलादेशाला वीज विकण्याचं प्रकरणही वाचा. ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत त्रिपक्षीय करार झाला: नेपाळ विद्युत प्राधिकरण, बांगलादेशाचं वीज मंडळ आणि भारताची वीजव्यापार कंपनी एनव्हीव्हीएन. ४० मेगावॉट, दर युनिटला ६.४० अमेरिकी सेंट, हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर. वाट नेपाळातलं ढल्केबर, भारतातलं मुझफ्फरपूर आणि बहरामपूर, बांगलादेशातलं भेरामारा. पूर्ण हंगामात साडेचौदा कोटी युनिटच्या आसपास वीज जाते, कमाई नव्वद-पंच्याण्णव लाख डॉलर. रक्कम छोटी आहे. मोल आहे ते दक्षिण आशियात तिसऱ्या देशाच्या जाळ्यातून वीज विकता येते हे सिद्ध झाल्याचं. तशीच मर्यादाही: भारताची वाहिनी आणि भारताची मंजुरी नसेल तर एक युनिट जात नाही.

नेपाळ अगदीच हतबल आहे असं मात्र लिहू नका. सीमापार वीजव्यापाराच्या भारताच्या डिसेंबर २०१६ च्या पहिल्या मार्गदर्शक तत्त्वांत ५१ टक्के भारतीय मालकीची अट होती. नेपाळ आणि भूतान दोघांनी तिला विरोध लावून धरला आणि डिसेंबर २०१८ च्या सुधारित तत्त्वांत ती सैल झाली. भूतान भारताच्या सर्वांत जवळचा, तोही आक्षेपात सामील होता, म्हणून ऐकलं गेलं.

---

गलबत

श्रीलंकेबद्दल. हंबनटोटा बंदराची गोष्ट सगळ्यांना माहीत असते: २०१७, ९९ वर्षांचा भाडेपट्टा, १.१२ अब्ज डॉलर, चायना मर्चंट्स ही चिनी कंपनी. टिपणात ती दोन ओळींत उरका. स्पर्धेचा भुर्दंड नेमका किती हे बघायचं तर २०२२ नंतरची कर्ज-पुनर्रचना बघा.

१२ एप्रिल २०२२ ला श्रीलंकेने परकी कर्जाची फेड थांबवली. १ सप्टेंबरला नाणेनिधीच्या अधिकाऱ्यांशी सुमारे २.९ अब्ज डॉलरचा प्राथमिक समझोता झाला. पण निधीचं मंडळ मंजुरी द्यायच्या आधी मुख्य धनको देशांकडून लेखी हमी मागतं: आम्ही कर्जात पुरेशी सवलत देऊ. इथे धनको होते चीन, जपान आणि भारत. प्रत्येकाला एकच धास्ती, आपण सोडलेल्या पैशांतून दुसऱ्याचं कर्ज फिटायला नको. भारताने जानेवारी २०२३ मध्ये सगळ्यांच्या आधी हमीपत्र दिलं. चीनच्या एक्झिम बँकेने आधी फक्त दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली, ती निधीला पुरेशी वाटली नाही. नवं पत्र मार्चमध्ये आलं. मंडळाची मंजुरी २० मार्च २०२३. म्हणजे समझोता तयार असूनही साडेसहा महिने पैसा आला नाही, आणि तो काळ महागाई, औषधटंचाई आणि वीजकपातीचा.

पुढेही दोन चुली राहिल्या. भारत, जपान आणि फ्रान्स यांच्या सह-अध्यक्षतेखाली धनकोंची समिती झाली, चीन तिच्यात सदस्य म्हणून आला नाही, वेगळी बोलणी केली. जून २०२४ मध्ये समितीशी सुमारे ५.८ अब्ज डॉलरचा आणि चिनी एक्झिमशी सुमारे ४.२ अब्ज डॉलरचा समझोता झाला. एका कर्जदाराला दोन मेजांवर बसावं लागतं, आणि ‘सगळ्या धनकोंना सारखी वागणूक’ या तत्त्वामुळे एका मेजावरचा आकडा ठरल्याशिवाय दुसरीकडे सही होत नाही. दिरंगाईचं मूळ यात आहे.

छोटं पण डोळ्यांत भरणारं दुसरं उदाहरण: जाफन्याजवळची डेल्फ्ट, नैनातिवू आणि अनलैतिवू ही बेटं. आशियाई विकास बँकेच्या पैशातून तिथे सौर-पवन-डिझेल असे मिश्र वीजप्रकल्प होणार होते. जानेवारी २०२१ मध्ये निविदा चिनी कंपन्यांच्या जोडीला मिळाली. रामेश्वरम तिथून साधारण पन्नास किलोमीटरवर, म्हणून भारताने सुरक्षेचा आक्षेप घेतला आणि बँकेच्या कर्जाऐवजी अनुदान देऊ केलं. काम चिनी कंपन्यांकडून गेलं, मार्च २०२२ मध्ये भारताशी समझोता झाला, ठेका मार्च २०२४ मध्ये दिला गेला. श्रीलंकेचा फायदा म्हणजे कर्जाच्या जागी अनुदान. तोटा म्हणजे त्या बेटांवरच्या लोकांनी डिझेलवर काढलेली आणखी तीन वर्षं. बहुराष्ट्रीय बँकेची निविदा नियमाप्रमाणे झाली तरी शेजारचा मोठा देश ती बाहेरून थांबवू शकतो, हेही यात दिसलं. भारताची सुरक्षेची चिंता खोटी नव्हती. पण ती निविदा निघण्यापूर्वी मांडली असती तर वर्षं वाचली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

चिनी जहाजांवरून कोलंबोची किती ओढाताण होते तेही बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग घेणारं युआन वांग-५ हंबनटोटाला आलं. पुढे श्रीलंकेने १ जानेवारी २०२४ पासून वर्षभर सगळ्याच परकी संशोधन जहाजांना बंदी घातली. एकट्या चीनला नाही म्हणता येईना, म्हणून सगळ्यांना नाही. त्यात श्रीलंकेच्या स्वतःच्या समुद्र-सर्वेक्षणाला मिळणारी मदतही थांबली.

---

पाऊलवाट

तिघांचेही मनापासून आभार, एवढा तपशील मिळेल असं वाटलं नव्हतं. तिसरा प्रश्न उरला. बेटांच्या उदाहरणात कर्जाचं अनुदान झालं, म्हणजे फायदा होतोच ना? मग तो नेपाळला का होत नाही?

---

तळटीप

पर्याय प्रत्यक्षात वापरता येतो का, यावर ते ठरतं. श्रीलंका आणि मालदीवला समुद्र आहे. जहाज कुठूनही येतं. मालदीवने मे २०२४ पर्यंत भारतीय सैनिक परत पाठवून त्यांच्या जागी भारतीयच तांत्रिक कर्मचारी घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारताच्या रिझर्व्ह बँकेकडून ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांची चलन-अदलाबदल सोयही मिळवली. ही सोय अजून ‘सार्क’च्याच नावाने चालते. शिखर परिषद होत नसली तरी हे हत्यार रिझर्व्ह बँकेच्या हाती असल्यामुळे इतर सदस्य देशांच्या संमतीवाचून वापरता येतं.

नेपाळने २०१५ च्या भारत-सीमेवरच्या नाकेबंदीनंतर मार्च २०१६ मध्ये चीनशी पारवहन करार केला, २०१९ मध्ये त्याच्या अंमलबजावणीच्या नियमपत्रावर (प्रोटोकॉल) सह्या झाल्या. तिआनजिन, शेंजेन, लियानयुंगांग आणि झांजियांग ही चार बंदरं खुली झाली. पण कोलकाता-हल्दियाच्या मानाने हे अंतर कित्येक पट आहे आणि हिमालयातले रस्ते दरडींनी बंद पडतात. कागदावर पर्याय आला, ट्रकवाल्याला तो परवडत नाही. त्यामुळे वाटाघाटीत त्याचं वजन मर्यादितच.

---

उच्चदाब

याला एक पुस्ती. दोघांचं जमलं तर शेजारी सुटतो असंही समजू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत असताना लिपुलेख, शिपकी ला आणि नाथू ला या तीन खिंडींतून सीमाव्यापार पुन्हा सुरू करायचं भारत-चीनने ठरवलं. लिपुलेखवर नेपाळ हक्क सांगतो; २०२० मध्ये त्याने तो भाग नकाशातही घातला. नेपाळच्या परराष्ट्र मंत्रालयाने लगेच हरकत घेतली, भारताने ती फेटाळली. २०१५ मध्येही मोदींच्या चीन दौऱ्यात याच खिंडीबद्दल नेपाळला न विचारता संयुक्त निवेदनात उल्लेख आला होता. टिपणात हे घेणार असाल तर १८१६ च्या सुगौली करारातलं काली नदीचं कलम आधी वाचा. नदी ही सीमा आहे हे दोघांनाही मान्य आहे, वाद आहे तो तिचा उगम कोणता प्रवाह धरायचा यावर. लिंपियाधुराचा धरला तर खिंड नेपाळच्या बाजूला जाते, कालापानीजवळचा धरला तर भारताच्या.